मार्गे गोठ्यात बांधली

१२ ऑक्टोबर, शनिवार

सगळ्यांत आधी आला तो शेजारचा अनिसेतस! बोलावलं होतं नऊला, हा सातला दारात. ट्रॅक्टर घरी, हात रिकामे, तोंडात मात्र सल्ला ठासून भरलेला. एक चहा घेतला, दुसरा घेतला, मग म्हणतो कसा, "एल्झे, ट्रॅक्टर आणायला हवा ना?" नको रे बाबा! होडी तुझ्या मिशांना बांधून ओढू!

त्याच्यामागून पोस्टातली बाई. पत्र नव्हतंच, नुसती बघायला आली होती. मग पलीकडच्या काठावर पण तीन-चार जण उभे. शहात्तर वर्षांची बाई स्वतःची होडी पाण्याबाहेर काढतेय म्हटल्यावर नदीकाठच्या माणसांना घरात करमतंय होय!

पण काढली! अनिसेतसनं ट्रॅक्टर आणून ट्रॉली मागे ढकलत पाण्यात घातली, मी गुडघाभर पाण्यात उभी राहून कप्पीचा दांडा फिरवला, आणि माझी होडी, मार्गे, आली वर, हळूहळू, डुलत डुलत. खाली हे एवढं शेवाळ, पाद्रीबाबाच्या दाढीसारखं. मागचं बूच काढलं तर धार लागली ती थांबेचना. अनिसेतस म्हणाला, "गाय मुततेय जणू." मी म्हटलं, "गायच आहे ती!"

खरंच आहे. मार्गे आधी माझी गाय. तीन वर्षांपूर्वी गुडघे म्हणाले, एल्झे, आता दूध काढायला वाकणं पुरे. गाय विकली, होडी घेतली, ट्रॉलीसकट, छोटी मोटर लावलेली. नाव तेच ठेवलं. नवीन नाव लक्षात ठेवायला या वयात डोकं कुणाकडे आहे? आणि गाय कुरणापलीकडे गेली नाही कधी. ही मार्गे मला खाडीपर्यंत नेऊन आणते!

अजून हसू येतंय. झोपते.

१३ ऑक्टोबर, रविवार

नेरिंगाचा फोन. माझी एकुलती एक लेक, क्लायपेदाला चौथ्या मजल्यावर राहते. पोस्टातल्या बाईनं कळवलं असणार. त्या बाईचं तोंड म्हणजे चर्चची घंटा.

"आई, पाण्यात उभी होतीस? ऑक्टोबरात?"

"गुडघाभरच गं."

"पुरे झालं आता. होडी विकून टाक. हिवाळ्यात इकडे ये, खोली रिकामी आहे."

मी म्हटलं, माझी होडी, मी बघीन. ती म्हणाली, तू काय बघणार, तिकडे ओल किती, वसंतात उघडशील तर आत नुसती बुरशी, मग मोटर चालणार नाही, मग मधेच नदीत अडकशील. बराच वेळ चाललं. शेवटी ठरलं ते असं. होडी मीच हिवाळ्यासाठी नीट ठेवायची. ग्विदास, म्हणजे आमचे जावईबापू, करायच्या कामांची यादी देणार. जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी दोघं येऊन तपासणार. पास झाले तर होडी माझी, नदी माझी. नापास झाले तर होडी विकायची आणि मी चौथ्या मजल्यावर.

फोन ठेवला आणि मला हसूच फुटलं. शाळेत चौथीपर्यंतच गेले, त्यातही कधी परीक्षा दिली नाही. परीक्षेच्या दिवशी नेमकी गाय व्यायची!

१६ ऑक्टोबर

आख्खा दिवस घासलं. ब्रश, मग चुलीतली राख, मग आतून व्हिनेगरनं पुसलं. व्हिनेगर लावलं की बुरशी वर्षभर नाक मुरडते. कोनाकोपऱ्यात हात घातला. सापडलेल्या वस्तू: एक चमचा, अनिसेतसचा चष्मा (दोन उन्हाळे शोधतोय!), वाळलेली बेडकी.

मोटर अनिसेतसनं केली. एकेकाळी सामुदायिक शेतावर मेकॅनिक होता, लोखंडाशी इतकं गोड बोलतो, बायकोशी तसं कधी बोलला नसेल. मोटर पिंपात उभी करून गोडं पाणी पाजलं, मग पेट्रोलची नळी काढून संपेपर्यंत चालू ठेवली. खालचं तेल काढलं. "बघ हां," म्हणाला, "दुधासारखं पांढरट आलं तर आत पाणी शिरलंय, मग रड." आम्ही दोघं वाकून बघतोय, श्वास धरून. तेल आलं मधासारखं! मी त्याच्या टकलाचा मुका घेतला. मेला लाजून लाल झाला.

मोटर उचलून माझ्या कोठीत आणून ठेवली, उभीच. आडवी ठेवली तर आत राहिलेलं पाणी गोठून फोडतं म्हणे. आता ती बटाट्यांच्या पोत्यांशेजारी उभी आहे, पाहुण्यासारखी. बॅटरी माझ्या पलंगाखाली.

१९ ऑक्टोबर

आज माझं डोकं चाललं! होडीतल्या गाद्या आणि तरंगायची जाकिटं वाळेचनात. चार दिवस दोरीवर, चार दिवस धुकं. हात लावला की गार, ओलसर, आजारी माणसाच्या कपाळासारखं. मग मनात आलं, मासे कुठे वाळतात? धुरीच्या खोलीत! उचलल्या गाद्या, टांगल्या आकड्यांना, खाली ओल्डर झाडाची लाकडं, अगदी मंद.

संध्याकाळी काढल्या. कडकडीत कोरड्या! वास मात्र... धुरावलेल्या कार्शे माशांचा. चांगलाच. नाकात घर करून बसणारा.

मिग्लेला फोनवर सांगितलं. ही माझी नात, कौनासला शिकते, ही वही तिनंच दिली, "आजी, तू बोलतेस ते सगळं हवेत जातं, लिही" म्हणाली. पोरगी इतकी हसली की तिच्या हातातला फोन पडला. "आजी, तुझ्या होडीत बसल्यावर भूक लागेल गं!" लागू दे की. उपाशी माणसं हळू वल्हवतात असं थोडंच आहे.

२० ऑक्टोबर, रविवार

जावईबापू यादी घेऊन आले. एकटेच. छापलेली, प्लास्टिकच्या पाकिटात, चौदा कलमं! माणूस चांगला आहे हां, उगीच नावं का ठेवू. बिलांना क्रमांक, औषधांना क्रमांक, मला वाटतं शिंकांनाही क्रमांक घालत असेल. मी लोणी घालून बटाट्याची धिरडी केली, सात खाल्ली, आठवी मी मुकाट्यानं ताटात सरकवली.

मग चष्मा लावून वाचायला लागला. धुवा. वाळवा. गाद्या उभ्या ठेवा. कप्पे उघडे ठेवा, हवा खेळू द्या. पुढचं टोक वर, म्हणजे पाणी मागे वाहील. ताडपत्री होडीला चिकटू देऊ नका, दोन्ही टोकं मोकळी. चाकं ठोकळ्यावर घ्या. बेअरिंगला ग्रीस. सगळं बरोबर! मी मान हलवतेय.

"नऊ," म्हणाला. "बूच काढून ठेवा."

माझी मान हलायची थांबली.

"दहा. पट्ट्यांनी होडी ट्रॉलीला घट्ट आवळा. वाऱ्यानं हलता कामा नये."

तेवढ्यात अनिसेतस दारात येऊन उभा राहिला, सापडलेला चष्मा न्यायला. तो म्हणाला, "जावईबापू, ही यादी लिहिणारा राहतो कुठं?"

"का हो?"

"डोंगरावर राहत असणार."

ग्विदासला कळलं नाही. मी अनिसेतसच्या पायावर पाय दिला. जावयाला पाहुणा म्हणून बोलावून वर त्याची यादी खोडायची, हे बरं दिसतं का? नऊ-दहावर मी नुसती "हो हो" केली. वहीत लिहिते: खोटं बोलले नाही. "हो हो" म्हणजे ऐकू आलं एवढंच.

२१ ऑक्टोबर

मार्गेला गोठ्यात घेतली. मोठ्या दारातून ट्रॉली आत, पुढचं टोक गव्हाणीकडे. तिची जागा तीच! इतके दिवस रिकामा होता गोठा, बघवत नव्हता. आमचा गोठा हवेशीर, फटीफटीतून वारा, गुरांच्या श्वासानं ओल धरू नये म्हणून सासऱ्यांनी तसाच बांधलेला. होडीला याहून चांगलं काय हवंय?

बारा कलमं केली, एकेक करून. नऊ आणि दहा नाही.

बूच घट्ट बसवलं. पट्टे सैल सोडले, नुसते अंगावर टाकल्यासारखे. आणि पुढच्या कडीला दोर बांधला तो आढ्याला, लांब. आमच्याकडे नेमुनास नदी हिवाळ्यात कधी ना कधी अंगणात येतेच. उंचवट्यावर घर आहे, तिथवर सहसा नाही, पण गोठ्यात नक्की. बूच काढलं तर पाणी खालून आत शिरणार. पट्टे आवळले तर होडी लोखंडी ट्रॉलीला बांधलेली, तळाशीच राहणार. पूर येणार असला की गाय लांब दोरावर बांधायची, म्हणजे पाण्याबरोबर मान वर काढता येते. आमच्यात हे लहान मूलही जाणतं.

एकदा चुकलं होतं. नेरिंगा नऊ वर्षांची होती. पाणी रात्रीतून चढलं, आम्ही माळ्यावर. खाली वासरू आखूड दोरावर. पोरगी तीन दिवस कानांवर उशी दाबून बसली होती, वासरू गप्प झाल्यावरसुद्धा. त्यानंतर ती कधी होडीत बसली नाही. मोठी झाली तशी गेली, आणि घर घेतलं ते चौथ्या मजल्यावर.

वासरू मी बांधलं होतं. तिला वाटतं तिच्या बापानं.

बरं, पुरे. बेअरिंगला ग्रीस लावून हात अजून चिकट आहेत, पेन सटकतंय.

२ नोव्हेंबर

काल सगळ्यांच्या कबरींवर मेणबत्त्या लावल्या. आमच्या ह्यांच्या कबरीशी जरा जास्त वेळ बसले, होडीची सगळी हकीकत सांगितली. ऐकून घेतलं. जिवंतपणी एवढं कधी ऐकलं नव्हतं!

१६ नोव्हेंबर

उंदीर! गोठ्यात लेंड्या दिसल्या. गाद्या कुरतडल्या की संपलं. पळत होडीपाशी गेले, ताडपत्री उचलली, तर आत पाच मांजरं! माझं एक, बाकी गावातली. गाद्यांच्या मधोमध, नाकं खुपसून, स्वर्गात. माशांच्या वासानं आलेली. ओल टिपायच्या खोक्यापाशी एक लठ्ठ बोका पहारा दिल्यासारखा बसला होता. उंदरांची काय बिशाद!

यादीच्या चौदा कलमांत हे नाहीच. पंधरावं मी मनात लिहिलं.

तेवढ्या आनंदात एक गोंधळ. ट्रॉलीच्या दिव्यांच्या तारांना गंज चढू नये म्हणून अनिसेतसनं ग्रीसऐवजी बदकाची चरबी फासली होती. "घरातलं चांगलं, बाजारातलं कशाला?" मांजरांनी ती चाटून चाटून तारा लखलखीत केल्या. तारा पुसून या वेळी ग्रीसच लावलं. अनिसेतस म्हणतो, "निदान स्वच्छ तरी झाल्या!"

२५ डिसेंबर

काल क्लायपेदाला होते, नाताळच्या आदल्या रात्रीचं जेवण. बारा पदार्थ, मांस नाही, हेरिंग मासाच चार तऱ्हेचा. टेबलावर पांढऱ्या कापडाखाली गवत घातलं होतं नेरिंगानं. कुठून आणलं देव जाणे, पण आपल्यासारखं घातलं. मिग्ले आली होती, मला नुसती चिकटून. आम्ही कापडाखालून गवताच्या काड्या ओढल्या. माझी सगळ्यांत लांब निघाली! म्हणजे आयुष्य लांब. ग्विदासनं मोजली, खरंच सगळ्यांत लांब.

मग नेरिंगानं ती खोली दाखवली. नवी रजई, निळी. पलंगाजवळ दिवा, खाली गालिचा, पाय गार पडू नयेत म्हणून. भिंतीवर आमच्या घराचा जुना फोटो लावलाय तिनं. मी विचार केला होता की काहीतरी गमतीचं बोलीन. रजईवरून नुसता हात फिरवला. पोरीनं मनापासून केलंय सगळं.

खिडकीतून समोरच्या खिडक्या दिसतात. मी मोजल्या, चाळीस. पाणी एकाही खिडकीतून दिसत नाही.

"आवडली?" तिनं विचारलं.

"रजई फार ऊबदार आहे गं," मी म्हटलं. हेही खोटं नाही.

११ जानेवारी

कडाक्याची थंडी. नदी गोठली. मार्गे कोरडी, मांजरं सात.

२३ जानेवारी, गुरुवार

हवा फिरली. छपरावरून टपटप. पश्चिमेचा वारा सुटलाय, खाडीचं पाणी उलटं नदीत ढकलतोय, आणि खालच्या अंगाला बर्फ अडलाय म्हणतात. अनिसेतस सकाळपासून काठावर काठी रोवून बसलाय. "एल्झे, बोटभर चढलं." तासाभरानं, "अजून बोटभर." मी म्हटलं, त्या बोटानं इकडे येऊन ही वाम मासळी पण कापून दे, शनिवारी परीक्षक यायचेत!

२५ जानेवारी, शनिवार

आले. सकाळी दहाला, रस्ता कोरडा होता. अनिसेतसनं ओरडून सांगितलं, "जावईबापू, गाडी वर घ्या, उंचवट्यावर!" ग्विदास म्हणाला, वर चिखल आहे, आणि खाली विलोच्या झाडाशी लावली. असो.

नेरिंगा गाडीतून उतरल्या उतरल्या नदीकडे पाठ करून उभी राहिली. नेहमीचंच. मी तिला पोटाशी धरलं. केसांना शहरातल्या साबणाचा वास, आत अजून माझीच पोर.

आधी जेवण! पोटभर जेवलेला परीक्षक दयाळू होतो. बटाट्याचे मोठे गोळे केले, आत मांस भरून, वर सायीचं दही, धुरावलेली वाम. ग्विदासनं पट्टा एक भोक सैल केला. मग खिशातून ते यंत्र काढलं, ओल मोजायचं, आणि निघालो गोठ्याकडे. अनिसेतस न बोलावता पाठीमागे. नेरिंगा दारातच थांबली.

ताडपत्री उचलली. सात मांजरं बाहेर. ग्विदास दचकून अनिसेतसच्या अंगावर.

यंत्र इथं लावलं, तिथं लावलं. गादीत खुपसलं. कप्प्यात हात घालून बोटं हुंगली. वाकला, उठला, परत वाकला. मी हात पोटावर ठेवून उभी.

"आई," तो म्हणाला, "माझं कपड्यांचं कपाट याच्याहून ओलं आहे."

मी टाळ्याच वाजवल्या! दारातून नेरिंगा पण हसली, मी बघितलं. ग्विदासनं गादी परत हुंगली. "ही गादी... वाम उरली आहे का अजून?"

आणि मग मेली ती यादी! नऊ. बूच जागेवरच. दहा. पट्टे सैल. त्याचा चेहरा उतरला, खरंच उतरला. त्यालाही वाईट वाटलं. "आई, दोन कलमं केलीच नाहीत. आपलं ठरलं होतं."

मी सांगितलं पुराचं, दोराचं. अनिसेतस मधे मधे, "मी म्हटलंच होतं, डोंगरावरचा माणूस!" ग्विदास म्हणाला, पाणी अजून काठाच्या खाली आहे, बातम्यांत पण सोमवारपर्यंत काही नाही म्हणालेत. आणि नेरिंगा दारातून, हळू आवाजात, "आई, ठरलं म्हणजे ठरलं." तिचे डोळे गोठ्यात नव्हतेच. गव्हाणीच्या त्या कोपऱ्याकडे होते.

ग्विदासनं स्वतःच्या हातानं बूच काढलं, खिशात टाकलं. पट्टे करकचून आवळले. नीट केलंन, मन लावून.

नापास.

रात्री त्यांची अंथरुणं घातली. ती निळी रजई डोळ्यासमोरून जाईना.

२६ जानेवारी, रविवार

आज लिहिणार! सगळं लिहिणार!

सहाला उठले. अंगणात कुत्रं वेगळंच भुंकत होतं. दार उघडलं तर अंगण नाही. पाणी! गोठा अर्ध्या गुडघ्यापर्यंत पाण्यात, विलोपाशी ग्विदासची गाडी चाकांपर्यंत. सोमवारपर्यंत काही नाही म्हणे! नदीला बातम्या ऐकता येत नाहीत.

बूट घातले आणि मग आठवलं. बूच कुठंय? जावयाच्या विजारीच्या खिशात! आणि विजार कुठंय? जावयाच्या खोलीत, खुर्चीवर!

गेले आत. दारसुद्धा वाजवलं नाही. "जावईबापू! उठा! माझं बूच द्या!" तो बिचारा चादर गळ्यापर्यंत ओढून, "आई? काय? कुठलं?" "विजारीत आहे तुमच्या!" नेरिंगा उठून बसली, एकदा माझ्याकडे बघते, एकदा त्याच्याकडे. मी हसायला लागले, उभ्या उभ्या, थांबेचना. पाणी चढतंय, होडी बुडतेय, आणि मी दाराला धरून हसतेय!

पण तो आला हां. आमच्या ह्यांचे जुने बूट घालून, रात्रीच्या कपड्यांत, वर कोट. यादीबिदी काही नाही. गोठ्यात पाणी गुडघ्याच्या वर, चाकं दिसेनाशी झालेली, आणि पाणी होडीच्या तळाला लागून बुचाच्या भोकातून आत बुडबुडतंय. मार्गे तशीच बसून, जखडलेली. ग्विदासनं पाण्यात हात घालून बूच बसवलं. मी पट्ट्यांशी झटतेय, ओले, आवळलेले, सुटेनात. इतकं चांगलं का बांधता हो तुम्ही? तो म्हणाला, "आई, मागे व्हा," आणि मी येताना खोचून आणलेली स्वयंपाकघरातली सुरी घेऊन दोन्ही पट्टे कापले. त्याच्याच पैशाचे होते.

एक क्षण काही नाही. मग मार्गे हलली. आधी मागची बाजू, मग पुढची, अंग झटकून उठावं तशी, आणि तरंगली! लांब दोर आढ्याला नुसता झुलतोय. ग्विदास कमरेवर हात ठेवून बघत राहिला. म्हणाला, "दहावं कलम चुकीचं आहे." मी म्हटलं, "नववं पण." तो म्हणाला, "नववं पण."

ट्रॉली पाण्याखाली गेली, बेअरिंग परत उघडावी लागणार. मरो!

दुपारपर्यंत घर बेट झालं. गाडी खिडकीपर्यंत बुडाली. सोमवारी दोघांना कामावर जायचं, आणि अनिसेतस मोठी ट्रॉली जोडून ट्रॅक्टर घेऊन कुरणापलीकडच्या बांधावर उभा, तिकडे कोरडं. मधे पाणी. एकच वाट.

नेरिंगा ओट्यावर उभी, कठडा धरून. बोटं पांढरी. मी वल्ही आढ्यावरून काढली, मार्गेला गोठ्याच्या दारातून बाहेर घेतली, ओट्याला लावली. ग्विदास बसला. म्हणाला, "नेरिंगा, कोरडी आहे. मी मोजलंय."

ती बसली. डोळे मिटून, माझ्या झग्याचं टोक मुठीत धरून. पन्नाशीची बाई, आणि तशीच, नऊ वर्षांची.

मधोमध वाऱ्यानं धरलं. होडी फिरली, माझा उजवा खांदा चमकला, वल्हं सुटता सुटता राहिलं. तेव्हा तिनं डोळे उघडले. ओरडली नाही. म्हणाली, "बाबांनी त्याला आखूड बांधलं होतं ना."

काय झालं मला कोण जाणे. इतकी वर्षं गप्प होते. म्हटलं, "बाबांनी नाही गं. मी."

ती बघत राहिली. वारा, पाणी, ग्विदासनं होडीची कड धरलेली. मग म्हणाली, "आणि हिला?"

"हिला लांब."

तिनं माझ्या हातातलं उजवं वल्हं घेतलं. बाजूला सरकली, पाय टेकवले, पाठ सरळ केली, आणि ओढलं. माझ्याहून चांगलं! हातांना सगळं आठवत होतं, तिलाच माहीत नव्हतं. आम्ही दोघी, एकेक वल्हं, एक-दोन, एक-दोन, होडी सुतासारखी सरळ.

बांधाला लागलो. ग्विदास उतरला, अनिसेतसनं त्याला पोत्यासारखं वर ओढलं. नेरिंगा उतरेना. मी म्हटलं, "अगं, उतर की." ती म्हणाली, "दुसरं वल्हं दे." आणि बुडालेल्या सफरचंदाच्या झाडाला वळसा घालून आली, मला बसवून! मग परत एक वळसा. ग्विदास बांधावरून, "नेरिंगा! उद्या ऑफिस!" अनिसेतस त्याला म्हणाला, "गप हो जावईबापू, दिसत नाही का?"

मी मागे बसले होते. माशांच्या वासाच्या गादीवर, पाय पसरून. मला कोणी फिरवलं नव्हतं कधी.

जाताना दोघं म्हणाले, तेरा एप्रिलला परत येऊ, होडी नदीत सोडायला.

२८ जानेवारी, मंगळवार

नेरिंगाचा फोन. होडी विकायची नाही म्हणाली. मी म्हटलं, मग पास ना? ती म्हणाली, "आई, ती मला देशील?" वाक्य संपायच्या आत "घे" म्हणून मोकळी झाले. आता माझ्याकडे होडी नाही, आणि मी स्वयंपाकघरात एकटीच नाचतेय. तेरा एप्रिल. रविवार आहे.